ढगांचे पैसे मी मागितलेच नव्हते

कार्ड देणाऱ्या बँकांच्या विवाद विभागात काम करणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना,

स.न.वि.वि.

"आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. कारण : सेवा प्राप्त." मंगळवारी भर दुपारी मोबाइलवर हा संदेश आला. मी तो तीनदा वाचला. खोटं त्यात काहीच नव्हतं, म्हणूनच जास्त चडफड झाली. सेवा 'प्राप्त' झाली होती. ज्या आकाशदर्शन शिबिराचे पैसे मी कार्डानं भरले आणि नंतर अर्धे परत मागितले, तिथे मी गेले होते, आयोजकांच्या वहीत माझी सही आहे, रात्रभर तिथल्याच तंबूत झोपले होते. गेले म्हणूनच तर कळलं, की जाहिरातीतलं तिथे काही नाही! गेले नसते तर, तुमच्या हिशेबानं, माझी बाजू जास्त भक्कम झाली असती.

आधी काय घडलं ते सांगते, कारण तुमच्या फॉर्ममध्ये ते सांगायला दोनशे अक्षरांची चौकट होती आणि माझं निम्मं वाक्य त्या चौकटीनं गिळलं.

एका रात्रीचं आकाशदर्शन शिबिर होतं. जाहिरातीत लिहिलं होतं : आठ इंची पाच दुर्बिणी, अनुभवी खगोल अभ्यासक रात्रभर सोबत, फक्त वीस जणांची तुकडी, शनीची कडी आणि देवयानी दीर्घिका दाखवणार. मी पाच महिने आधी दोन जागा कार्डानं भरल्या, एक माझी आणि एक अकरा वर्षांच्या भाचीची. तिनं त्यासाठी एक वेगळी वही केली होती. पहिल्या पानावर पट्टीनं रकाने आखले होते : वेळ, आकाश, काय पाहिलं.

प्रत्यक्षात मैदानावर साठ-पासष्ट माणसं होती. दुर्बीण एक. आठ इंची तर सोडाच, जेमतेम अडीच इंची असेल. तिच्या तिवईचा एक पाय खाकी चिकटपट्टीनं गुंडाळलेला होता आणि कुणी शेजारून चालत गेलं तरी शनी थरथरायचा. अभ्यासकांची तब्येत बिघडल्याचं सांगण्यात आलं. त्यांच्या जागी एक मुलगा मोबाइलवरचं अ‍ॅप आकाशाकडे धरून तारे ओळखत होता, आणि अ‍ॅप अडकलं की तोही अडकत होता. बिचाऱ्याचा दोष नाही. त्याला बहुधा त्याच संध्याकाळी उभं केलं असावं. रांगेत दीड तास उभं राहिल्यावर भाचीच्या वाट्याला वीस सेकंद आली. तिनं मला विचारलं, "आत्या, बाकीच्या चार दुर्बिणी किती वाजता येणार?"

रात्री दीडच्या सुमाराला ढग आले ते पहाटेपर्यंत हलले नाहीत. हे ढग लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

परतल्यावर मी लगेच तुमच्याकडे धावले नाही. आधी आयोजकांना मेल केला. जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडला आणि लिहिलं, की तंबूचे, जागेचे पैसे ठेवून घ्या, दुर्बिणींचे आणि मार्गदर्शनाचे म्हणून अर्धे परत करा. उत्तर आलं : "आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो." दुसऱ्या मेलला तेवढंही आलं नाही. दोन आठवडे थांबून मग तुमच्या ग्राहक सेवेला फोन लावला.

तो संवाद आठवणीतून लिहिते, शब्द थोडे इकडेतिकडे असतील.

"मॅडम, तुम्ही इव्हेंटला गेला होतात का?"

"हो, गेले होते."

"मग सेवा मिळाली ना?"

"जी सांगितली होती ती नाही मिळाली."

"म्हणजे तुम्हाला आवडली नाही."

इथे मी क्षणभर गप्प झाले. 'आवडली नाही' आणि 'सांगितली ती मिळाली नाही' यांतलं अंतर फोनवर एका वाक्यात कसं समजवायचं ते मला सुचेना. शनी अंधुक दिसला म्हणून मी नाराज असते, तर ते माझं गाऱ्हाणं झालं असतं आणि मी ते मैत्रिणींना सांगून मोकळी झाले असते. गायकाचा आवाज त्या दिवशी लागला नाही, व्याख्यान कंटाळवाणं निघालं, यासाठी कुठलंही कार्ड पैसे परत देत नाही आणि देऊही नये. पण पाचच्या जागी एक ही मोजण्याची गोष्ट आहे. तिच्यात माझ्या आवडीनिवडीचा संबंध येतोच कुठे?

शिवाय त्या फोनवर मला असंही सांगण्यात आलं, की पैसे भरून पाच महिने झाले, त्यामुळे मुदत उलटली. हे चूक होतं, आणि ते चूक आहे हे मला स्वतः शोधून काढावं लागलं. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत अशा तक्रारीला साधारण १२० दिवस मिळतात. आधी पैसे भरून नंतर घ्यायच्या सेवेच्या बाबतीत हे दिवस पैसे भरल्यापासून मोजत नाहीत, सेवा मिळाली किंवा मिळायला हवी होती त्या तारखेपासून मोजतात. मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांची कमाल मर्यादा वेगळी. कार्यक्रमाची तिकिटं माणूस आदल्या दिवशी काढत नाही हो! महिनोन्‌महिने आधी काढतो. मोजणी पैसे भरल्यापासून धरली तर कार्यक्रमाचा पडदा उघडण्याआधीच तक्रारीचा हक्क संपायचा. तुमच्या फोनवरच्या मुलीला हे कुणी शिकवलं नसेल तर दोष तिचा नाही. पण त्या एका उत्तरावर किती जण फोन ठेवून देत असतील याचा हिशेब तुमच्याकडे आहे का?

हे पत्र उघडं आहे, म्हणून वाचणाऱ्या इतरांसाठी पैशाची वाट थोडक्यात सांगते. कार्ड देणारी बँक आपली. आयोजकाचं खातं ज्या बँकेत, ती त्याची. मधे व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं जाळं. आपण तक्रार केली, की आपली बँक त्या जाळ्यातून आयोजकाच्या बँकेकडून रक्कम उलटी खेचते. यालाच चार्जबॅक म्हणतात. खेचताना कारणाचा एक क्रमांक लावावा लागतो, आणि सगळी गंमत त्या क्रमांकात आहे. व्हिसाकडे १३.१ म्हणजे वस्तू किंवा सेवा मिळालीच नाही. १३.३ म्हणजे मिळाली, पण वर्णनाप्रमाणे नव्हती किंवा सदोष होती. दिशाभूल करून विकली असेल तर १३.५. मास्टरकार्डकडे अशा बहुतेक तक्रारी ४८५३ या एकाच क्रमांकाखाली जातात. कार्यक्रम रद्द झाला की १३.१, तिथे फारसा वाद उरत नाही. कार्यक्रम झाला, पण भलताच झाला, की १३.३.

माझी तक्रार १३.३ची होती. तुमच्याकडून ती १३.१ म्हणून गेली.

कसं कळलं म्हणता? तुमच्या फॉर्ममध्ये 'कार्यक्रम / प्रवास / तिकीट' असं निवडलं, की पुढे दोनच पर्याय उघडतात : 'रद्द झाला' आणि 'सेवा मिळाली नाही'. तिसरा पर्यायच नाही. मी दुसरा निवडला, खाली दोनशे अक्षरांत खरं काय ते लिहिलं, आणि ते कुणी वाचलं नाही. १३.१ला उत्तर देणं आयोजकाला किती सोपं! हजेरीच्या वहीचा फोटो काढला, पाठवून दिला, संपलं. बाई आल्या होत्या, ही बघा सही.

मधल्या काळात आणखी एक प्रकार झाला. तक्रार नोंदवल्यावर दहा-बारा दिवसांत पूर्ण रक्कम माझ्या कार्डावर परत दिसली. मला वाटलं, जिंकले. भाचीला फोन करून सांगितलंही. दीड महिन्यानं तीच रक्कम पुन्हा वजा. ती 'तात्पुरती जमा' होती म्हणे, निकाल लागेपर्यंतची. ही सोय चांगलीच आहे, निकालाआधी ग्राहकानं स्वतःच्या खिशातून रक्कम का सोसावी? पण स्टेटमेंटवर त्या ओळीपुढे नुसतं 'रिफंड' छापलेलं होतं. 'तात्पुरती' एवढा शब्द छापायला जागा नव्हती का?

मग मी मागे लागून आयोजकाचं उत्तर मागवलं. तीन पानं होती. पहिल्यावर हजेरीची वही. दुसऱ्यावर त्यांच्या अटी, त्यातल्या एकाखाली पिवळी रेघ : "ढगाळ हवामानामुळे आकाश न दिसल्यास पैसे परत मिळणार नाहीत." तिसऱ्यावर मध्यरात्रीनंतरच्या ढगाळ आकाशाचा फोटो.

ढगांचे पैसे मी मागितलेच नव्हते! ढग आयोजकाच्या हातात नसतात हे मला कळतं, अट वाचूनच मी पैसे भरले होते. अभ्यासकांची तब्येत बिघडली यासाठीही मी भांडले नसते, माणूस आहे, आजारी पडतो. पण तोलामोलाचा दुसरा बोलवायचा, नाहीतर तसं कळवून पैसे कमी करायचे. आणि दुर्बिणींना तर ताप येत नाही. उरलेल्या चार दुर्बिणींबद्दल त्या तीन पानांत एक अक्षर नव्हतं. माझ्या तक्रारीला त्यांनी उत्तर दिलंच नाही. मी न केलेल्या तक्रारीला त्यांनी फार नेटकं उत्तर दिलं, आणि तुम्ही ते ग्राह्य धरलं. जबाब आला की नाही एवढं बघितलंत. कशाचा जबाब, ते बघायचं राहून गेलं.

जे सांगितलं ते मिळालं का, हा प्रश्न काही मी आज शोधून काढलेला नाही. अमेरिकेत १९७४ साली कार्डांच्या बिलांबद्दलचा कायदा झाला, तेव्हाच 'करारात ठरल्याप्रमाणे न मिळालेली वस्तू किंवा सेवा' ही बिलातली चूक मानली गेली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ग्राहक कर्ज कायदा झाला. त्याच्या कलम ७५नं तर क्रेडिट कार्ड देणाऱ्यालाच विक्रेत्याच्या बरोबरीनं जबाबदार धरलं, वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल तर. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना जो फरक समजला होता, तो आज तुमच्या फॉर्ममध्ये एका चौकोनाएवढी जागासुद्धा मिळवू शकलेला नाही. त्या कायद्यांतही फटी आहेत म्हणा. अमेरिकी कायद्यातली ६० दिवसांची मुदत बिल पाठवल्यापासून चालू होते, त्यामुळे आगाऊ तिकिटांना ती बऱ्याचदा अपुरी पडते. ब्रिटनमध्ये तिकीट मधल्या विक्रेत्याकडून घेतलं, की ग्राहक, कार्ड देणारा आणि विक्रेता अशी कलम ७५ला लागणारी साखळी तुटण्याची भीती असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्लासगोत लहान मुलांसाठी चॉकलेटच्या कारखान्याचा म्हणून जो कार्यक्रम झाला, तो आठवतोय? जाहिरातीतली चित्रं संगणकाकडून बनवून घेतलेली, त्यांवर अर्थ नसलेले शब्द. प्रत्यक्षात एक जवळजवळ रिकामं गोदाम, चार सजावटीच्या वस्तू आणि रडणारी मुलं. पोलिसांना बोलवावं लागलं आणि कार्यक्रम त्याच दिवशी बंद पडला. तिकीट होतं ३५ पौंडांपर्यंत, म्हणजे कलम ७५च्या उंबरठ्याच्या बाहेरच. अशा वेळी कार्डाकडून आशा उरते ती चार्जबॅकचीच. आता सांगा, त्या पालकांना 'सेवा प्राप्त' म्हणाल? गोदामात तर ते गेले होते.

२०१७ साली बहामाजमध्ये फायर फेस्टिव्हल नावाचा जो गोंधळ झाला तो याहून मोठा. आलिशान निवासाच्या जागी आपत्तिग्रस्तांना देतात तसले तंबू, गायक-वादकांचा पत्ता नाही. आयोजकाला पुढच्या वर्षी फसवणुकीच्या गुन्ह्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. पण २७७ तिकीटधारकांच्या दाव्यात समझोता व्हायला २०२१ साल उजाडलं. चार वर्षं! कोर्टाची वाट ही अशी असते, म्हणून तर माणूस तुमच्या दाराशी येतो.

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. कार्यक्रम यथास्थित पाहून, टाळ्या वाजवून, सेल्फी टाकून मग 'मी गेलोच नाही' म्हणणारे महाभाग आहेत, माझ्याच ओळखीत एक आहे. त्याला हे पत्र वाचून राग येईल, येऊ दे. प्रत्येक चार्जबॅकमागे आयोजकाच्या बँकेकडून आयोजकाला वेगळा दंड बसतो, आणि अशी प्रकरणं वाढली तर कार्ड घेण्याची त्याची सोयच धोक्यात येते. प्रामाणिकपणे छोटे कार्यक्रम करणाऱ्याला असे दोन-चार महाभाग भेटले, तर त्याचा वर्षाचा नफा गेला. म्हणून तुम्ही संशयानं बघता, ते ठीकच आहे. पण 'गेला होतात का' या प्रश्नानं लबाड माणूस सापडत नाही, तो बेधडक 'नाही' म्हणतो. अडकतो तो खरं बोलणारा. पुरावा मागा ना! जाहिरात काय होती, तिथे काय होतं, आयोजकाला कधी कळवलं, तो काय म्हणाला. ज्याची तक्रार खरी आहे त्याच्याकडे हे असतं, निदान निम्मं तरी.

आणि रकमेचं बघा. मी आयोजकाकडे अर्धेच पैसे मागितले होते, तुमच्याकडेही अर्धेच मागायचे होते. व्यवहाराच्या काही भागापुरता वाद घालता येतो, जाळ्याच्या नियमांत त्याला जागा आहे. तुमच्या फॉर्ममध्ये मात्र रक्कम आधीच भरलेली येते आणि बदलता येत नाही. त्यामुळे मी पूर्ण पैसे मागणारी हावरट बाई ठरले आणि समोरचा आयोजक सर्वस्व पणाला लागल्यासारखा लढला. अर्ध्यावर तो कदाचित गप्प बसला असता. निदान तंबूचे तरी मी नाकारत नव्हते, तंबू चांगला होता.

शेवटची गोष्ट जरा अवघड आहे, पण बोलते. आयोजकानं नकार दिल्यावर तुम्ही प्रकरण पुढे नेऊ शकता, थेट जाळ्याच्या लवादापर्यंत. तिथे हरणाऱ्याला काही शे डॉलरचं शुल्क पडतं. माझ्या दोन तिकिटांसाठी तुम्ही तो धोका का पत्कराल? नाहीच पत्करणार, आणि व्यवहार म्हणून मला ते पटतंही. पण मग तसं सांगा. "आपलं म्हणणं बरोबर असू शकतं, मात्र एवढ्या रकमेसाठी आम्ही पुढे जाणार नाही" असं लिहून आलं असतं, तर मला वाईट वाटलं असतं, राग आला नसता. आणि त्या कागदावर मी ग्राहक आयोगाकडे किंवा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ शकले असते. 'सेवा प्राप्त' हा शिक्का हातात घेऊन कुठे जाणार? तो तर मीच खोटी असल्याचा दाखला झाला.

म्हणून मागणं मोजकंच आहे. फॉर्ममध्ये 'कार्यक्रम झाला, पण सांगितल्याप्रमाणे नाही' असा पर्याय घाला आणि रकमेची चौकट आमच्या हाती द्या. मुदत कार्यक्रमाच्या दिवसापासून मोजायची, हे फोन घेणाऱ्यांच्या समोरच्या पडद्यावर लिहून ठेवा. आणि आयोजकाचं उत्तर आलं, की प्रकरण बंद करण्याआधी ते आम्हाला दाखवा, आठ दिवस द्या. माझ्या बाबतीत एवढंही पुरलं असतं. मी ती पिवळी रेघ बघितली असती आणि वही काढली असती.

कारण भाचीची वही माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात मी प्रकरण पुन्हा उघडायचा अर्ज केला, त्यासोबत तिच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला आहे. "९.४० – आकाश स्वच्छ – दुर्बीण १. १०.१५ – स्वच्छ – रांग. ११.१० – स्वच्छ – शनी (हलतोय). १२.३० – स्वच्छ – सर आले नाहीत. १.३५ – ढग." प्रत्येक ओळीपुढे तिनं एक छोटा चौकोन काढलाय आणि त्यात किती तारे दिसले ते ठिपक्यांनी दाखवलंय. शेवटचा चौकोन पेन्सिलीनं पूर्ण काळा केला आहे.

कळावे,

आपली,
एक कार्डधारक

ता.क. : आपलं पान बँकेत गेलंय हे भाचीला कळल्यापासून ती रोज एकच विचारते, तिथल्या काकांना माझं अक्षर लागलं का? अर्ज क्रमांक तुमच्या दप्तरी आहेच. तिला काय सांगू तेवढं कळवा.